पित्सोचं गाणं, मोगालेचा ब्रेक

आमच्या मोफोलो वस्तीत मत्सर कुणाला नाही? शेजाऱ्यानं नवा दरवाजा बसवला की इकडच्या घरात भांडी आपटायला लागतात. पण बाकीच्यांना मत्सर येतो तो सर्दीसारखा, येतो आणि जातो. मोगालेचा तसा नाही. तो त्याला कळायला लागल्यापासून आहे, एकाच माणसाबद्दल आहे, आणि त्या माणसाचं नाव पित्सो.

दोघं एकाच गल्लीत, समोरासमोर वाढले. दोन्ही घरं चार खोल्यांची, दोन्हींच्या पुढ्यात पीचचं झाड. मोगाले लहानपणीच म्हणायचा की पित्सोच्या झाडाची पीचं आधी पिकतात, हा अन्याय आहे. दोघं कोपऱ्यावर पान्त्सुला नाचायचे. पाय असे उचलायचे की खाली रस्ता नाही, तापलेला तवा आहे. पायांचं म्हणाल तर मोगालेच्या तोडीचा गल्लीत कुणी नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण पित्सो नाचताना हसायचा. लोक पाय बघायला गोळा व्हायचे आणि हसू बघून घरी जायचे. सगळं दुखणं इथलं.

मोगालेला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी, एखाद्या म्हातारीनं का होईना, चारचौघांत म्हणावं, पित्सो ठीक आहे, पण मोगाले तो मोगालेच. माझी आई म्हणाली असती, ती दयाळू होती. पण तिला दिसायचं कमी, आणि ती दोघांनाही पित्सो म्हणायची.

पुढे आमच्या पहिल्या मतदानाचं वर्ष आलं, गोऱ्यांचं राज्य गेलं, आणि गल्लीगल्लीतून क्वाइतो वाजायला लागलं. गोऱ्यांच्या भाषेत चावऱ्या कुत्र्याला एक शब्द आहे, क्वाइ. आमच्या पोरांनी तो उचलला आणि जे जे झकास त्याला लावला. तिथूनच हे नाव आलं म्हणतात. गाणं कसलं, बोलणंच ते. परदेशातून आलेली धावती नाचाची तबकडी घ्यायची, तिचा वेग उतरवायचा, खाली जाडजूड ठेका घालायचा, आणि वर आपल्या गल्लीतले चार शब्द असे टाकायचे की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, या पोरांना गाता येत नाही म्हणून नुसती बोलतात. पोरं म्हणायची, गोगो, आजी गं, आजवर बोलायला तरी कुठं मिळत होतं?

रेडिओवाल्यांना हे कळायच्या आधी आमच्या टॅक्सी स्टँडला कळलं. मी तिथं रांग लावायच्या कामावर होतो. शिट्टी, काठी आणि तोंड एवढी माझी हत्यारं, त्यातलं तोंड सगळ्यात जास्त झिजलं. आणि मोगाले टॅक्सी चालवायचा; आमच्याकडे टॅक्सी म्हणजे पंधरा माणसं कोंबणारी व्हॅन. मागच्या सीटखाली त्यानं असे स्पीकर बसवले होते की म्हाताऱ्यांचे दात वाजायचे. ज्याला ज्याला आपलं गाणं चालावं असं वाटे तो कॅसेट घेऊन आधी मोगालेकडे येई. मोगाले एक डोळा मिटून ऐके. गाणं पसंत पडलं तर त्याच्या गाडीत वाजे, आणि त्याच्या गाडीत वाजलं की आठवडाभरात सगळ्या स्टँडवर वाजे. तेव्हा खरं सांगायचं तर मोगाले सुखात होता. पित्सो फर्निचरच्या दुकानात कपाटं उचलत होता. मत्सराला थोडी विश्रांती होती.

एका सकाळी पित्सो डोक्यावर कापडी गोल टोपी, खिशात कॅसेट असा स्टँडवर आला.

"मोगाले, दोस्ता, गाणं केलंय."

"तू?" मोगाले काच पुसत होता, पुसतच राहिला. "कपाटांवर केलंस की पलंगांवर?"

"तुझ्यावर केलंय म्हण. टॅक्सीवरच आहे. ऐक तरी."

मोगालेनं कॅसेट लावली. मी दाराशीच होतो. ठेका सुरू झाला, संथ, जाड, ढेकर दिल्यासारखा. आणि मग पित्सोचा आवाज आला, "एखोनेनी!" मागून पोरींचा घोळका, "एखोनेनी, ड्रायव्हर!"

आता हा शब्द काही कवीचा नव्हे. टॅक्सीतून कोपऱ्यावर उतरायचं असलं की आम्ही सगळे हेच ओरडतो. एखोनेनी, म्हणजे कोपऱ्यावर सोड. दिवसातून शेकडो वेळा मोगालेच्या कानावर पडणारा शब्द. त्याचं कुणी गाणं करेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते पित्सोच्या डोक्यात आलं. मी मोगालेच्या डाव्या पायाकडे पाहिलं. पाय हलत होता. त्यानं खाली वाकून हातानं गुडघा धरला.

"बरं आहे," तो म्हणाला. "पण लोकांना आवडायचं नाही. दिवसभर ओरडतातच की ते हे. कॅसेट ठेव, बघतो."

कॅसेट त्यानं सीटखाली टाकली, जॅकच्या बाजूला.

पित्सो भोळा असला तरी खुळा नव्हता. त्यानं दुसऱ्या चार टॅक्सीवाल्यांनाही कॅसेट दिली होती. महिना लोटला नसेल, आमची रांग बिघडली. मोगालेची गाडी पुढे आली की लोक एकमेकांना म्हणायचे, तुम्ही बसा, नाही नाही तुम्ही बसा, आणि कुणीच बसत नसे. मागच्या गाडीत एखोनेनी वाजत असे.

"अहो, बसा की," मी काठी आपटून म्हणायचो. "ही पण शहरातच जाते."

"जाते हो मामा," एक जाडजूड बाई म्हणाली, "पण मुक्यानं जाते."

ते मोगालेनं ऐकलं. त्याच्या नाकाला अशी मिरची झोंबली की दुपारची मग्विन्या त्यानं खाल्ली नाहीत. पिठाचे ते गरम तळलेले गोळे परत करणारा माणूस मी त्या आधी पाहिला नव्हता.

"मामा," तो मला म्हणाला, "लोकांना तेच गाणं हवंय ना? देतो. असं देतो की पुन्हा नाव काढणार नाहीत."

"काय करणार?"

"त्यांना कोपऱ्यावर उतरायचंय ना? मी उतरवतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं जॅकच्या बाजूची कॅसेट काढून पुसली आणि लावली. रांग क्षणात भरली. मीही आत घुसलो, अशी गंमत सोडणाऱ्यातला मी नाही. गाडी निघाली. पित्सो म्हणाला, "एखोनेनी!" आणि मोगालेनं करकचून ब्रेक दाबला.

गाडीतली सगळी माणसं पुढे गेली. जाड बाईची पर्स ड्रायव्हरच्या मांडीवर.

"कोण उतरतंय?" मोगालेनं साळसूदपणे विचारलं.

"कुणी नाही रे बाबा, गाण्यात आहे ते."

"असं होय. मला वाटलं कुणी म्हणालं. ड्रायव्हरचा धर्म आहे, एखोनेनी ऐकलं की थांबायचं."

गाडी पुन्हा निघाली. पोरींचा घोळका आला, "एखोनेनी, ड्रायव्हर!" पुन्हा ब्रेक. आम्ही पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

"अरे ए, तू माणसं नेतोस की बटाटे?" मागून एक म्हातारा ओरडला.

"बटाटे असे ओरडत नाहीत, तातोमखुलु," मोगाले आरशात त्या आजोबांकडे बघून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी हसू होतं. शहरापर्यंत त्यानं हेच चालवलं, आणि परतीलाही हेच. गाण्यात तो शब्द किती वेळा आहे ते ज्यानं त्या दिवशी प्रवास केला त्याच्या कपाळाला विचारा.

आता त्या ब्रेकचं एक मर्म सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोगालेच्या गाडीचे ब्रेक जुने होते. दाबला की लगेच लागत नसे. जरा विचार करे आणि मग लागे. त्यामुळे शब्द आधी यायचा, मग एक श्वासाइतकी शांतता, आणि मग सगळ्यांचे खांदे पुढे. उजवा पाय आपोआप जमिनीवर रोवला जायचा, मान मागून यायची.

दोन दिवस लोकांनी शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, मागच्या सीटवरच्या शिवणकामाच्या पोरी शब्द यायच्या आधीच एकमेकींकडे बघून हसत होत्या. शब्द आला, त्यांनी श्वास धरला, ब्रेक लागला, आणि सगळ्या मिळून अशा झुकल्या की जणू कुणी शिकवलंय. चौथ्या दिवशी तो बटाटेवाला म्हातारासुद्धा झुकला. त्या शनिवारी आमच्याकडे एका अंगणात दुपारची पार्टी होती. एखोनेनी लागलं आणि सगळं अंगण, बायका, पुरुष, हातात ताट असलेले, ताट नसलेले, शब्दानंतर एक श्वास थांबून खांद्यानं पुढे आणि मानेनं मागे. आणि जमिनीवर उजवा पाय, धप्प.

मोगाले तिथल्या पीचच्या झाडाला टेकून बघत होता.

"मामा, हे काय आहे?"

"हा तुझा ब्रेक आहे," मी म्हणालो. "अभिनंदन. गाणं मारायला निघालास आणि त्याला पाय लावून दिलेस."

त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग कळलं की हा आनंद पित्सोच्या गाण्यावर उभा आहे, मग तो गेला. असं येणं-जाणं त्याच्या चेहऱ्यावर तासभर चाललं होतं.

पित्सोनं तो नाच दुसऱ्या कुठल्या तरी पार्टीत लांबून पाहिला आणि उचलला. मोगालेच्या गाडीत तो त्या दिवसांत बसलाच नव्हता, एव्हाना त्याला कॅसेटच्या कंपनीनं उचललं होतं, तिची मोटार न्यायला यायची. त्यामुळे त्यानं एक चूक केली. त्याचा खांदा शब्दाबरोबरच पुढे यायचा, मधला श्वास नाही. तसाच तो टीव्हीवर नाचला, हसत. सगळ्या देशानं पाहिलं. केपपासून लिम्पोपोपर्यंत लोक पित्सोचा नाच म्हणून ब्रेक मारायला लागले.

मोगालेनं टीव्ही बंद केला, मग पुन्हा लावला, कारण गाणं संपलं नव्हतं.

"चुकतोय तो," तो मला म्हणाला. "चोरलं ते चोरलं, वर चुकीचं चोरलं."

पुढल्या वर्षी पित्सोचा मोठा कार्यक्रम झाला, फुटबॉलच्या मैदानावर. मोगाले म्हणाला, मी जाणार नाही, आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे उभा राहिला. एखोनेनी लागलं. मैदान झुकलं. मोगालेही झुकला, पण त्याच्या पद्धतीनं, श्वास थांबून. हजारो माणसं पुढे गेली की हा एकटा मागून येई. शेजारी लाल डोईरुमाल बांधलेली एक मुलगी उभी होती. ती त्याच्या खांद्यावर आपटली, एकदा, दोनदा. शेवटी तिनं त्याचा दंड धरला.

"बुती, दादा, रागावू नका, पण तुमचं चुकतंय. खांदा उशिरा येतोय."

"तो उशिराच यायला हवा."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. हा नाच माझा आहे."

ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "असं करू या," ती म्हणाली, "मी मोजते, तुम्ही माझ्याबरोबर या. पित्सो कसा करतो बघा तिकडे. बघा, बघा. एखोनेनी, आत्ता!"

आणि आमच्या मोगालेनं, ज्यानं त्या नाचाला जन्म दिला त्यानं, त्या मुलीच्या हाताला धरून तो चुकीचा शिकून घेतला. मी चार माणसांपलीकडून हे पाहत होतो. प्रेमात माणूस काय काय गिळतो याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही.

तिचं नाव तोझामा. ती दूर मदान्त्साने गावाहून कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला आली होती, गाणं गाजल्यानंतर. म्हणजे मोगालेची गाडी, जाड बाई, बटाटेवाला म्हातारा, यांतलं काहीच तिनं पाहिलेलं नव्हतं. तिनं पाहिला होता टीव्हीवरचा पित्सो. रीतीप्रमाणे दोन्हीकडचे काका-मामा बसले, बोलणी झाली, नवरीसाठी द्यायच्या गाई ठरल्या, लग्न झालं. लग्नात बँडनं काय वाजवलं ते मी सांगायला नको. नवरी वेळेवर झुकली, नवरा अर्ध्या श्वासानं उशिरा.

संसार चांगला झाला, मुलं झाली, गाडी बदलली, ब्रेक सुधारले. पण तोझामानं समोरच्या खोलीत, काचेच्या कपाटावर, लग्नाच्या फोटोशेजारी पित्सोचा फोटो लावला तो लावलाच.

"हा इथं कशाला?" मोगाले विचारायचा.

"तुमचा बालमित्र ना? मोठ्या माणसाचा फोटो घरात असला की मुलांना वळण लागतं."

"आणि माझा?"

"तुम्ही रोज दिसताच की."

मोगालेनं तिला पटवायचा किती प्रयत्न केला. जाड बाईला आणायला गेला, ती मुलीकडे डर्बनला गेलेली. बटाटेवाला म्हातारा वारला होता. शिवणकामाच्या पोरींपैकी एक भेटली, तिनं सांगितलं, "हो हो, तुमच्या गाडीत फार धक्के बसायचे," आणि तोझामा म्हणाली, तेवढ्यावर माझा विश्वास आहे. शेवटी उरला साक्षीदार मी.

"सिसी तोझामा," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी त्या गाडीत होतो. ब्रेक याचाच."

"मामा," ती माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाली, "गेल्या महिन्यात तुम्ही मला सांगितलंत की पाद्रीबुवांना दुसरं घर आहे."

"आहेच."

"ते त्यांनी पक्ष्यांसाठी टांगलेलं लाकडी घर निघालं. चहा घ्या."

तर माझी साक्ष अशी गेली. मोगालेचा मत्सर तेव्हापासून घरातच राहायला आला. पूर्वी तो रस्त्यावर तरी असायचा. आता रेडिओवर पित्सो लागला की तोझामा मक्याच्या पिठाच्या पापचं भांडं ढवळता ढवळता झुके, आणि मोगाले पेपर वर धरून त्यामागे दात खाई. हे इतकी वर्षं चाललं की पेपरचा आकार लहान झाला तरी मत्सराचा नाही.

पित्सोचं मात्र उतरलं. क्वाइतो गेलं, दुसरी वेगवान गाणी आली, नवी पोरं आली, त्यांना त्याचं नाव माहीत नाही. केस पांढरे झाले, कंपनीची मोटार गेली, आणि तो परत गल्लीत, आईच्या घरात राहायला आला. कुणी म्हणेल, आता तरी मोगालेला गार वाटलं असेल. छे. त्याला तर दुसरीच आग लागली.

"आता सगळे त्याची कीव करतात," तो मला म्हणाला. "बघितलंत? कीवसुद्धा त्यालाच. माझी कधी कुणी केली?"

"तुझं काही बुडालं नाही ना."

"तेच तर म्हणतोय."

आणि मग या हिवाळ्यात त्यानं मनाशी ठरवलं. पित्सोला जेवायला बोलवायचं, आणि त्याच्याच तोंडून तोझामासमोर वदवायचं. जगाला कळलं नाही तर न कळो. ती एकटी म्हणू दे, मोगाले तो मोगालेच. बास. पित्सोला त्यानं दाराशीच गाठून सांगितलं, आणि पित्सो म्हणाला, सांगेन की, खरंच आहे ते.

रविवारचं जेवण, सात रंगांचं ताट. भात, कोंबडी, बीट, भोपळा, कोबी, पालक, वर चकालाकाची तिखट चटणी. तोझामानं नवी कपबशी काढली होती, जी माझ्यासाठी कधी निघाली नाही. मी तिथं कसा होतो विचारू नका. कोंबडीचा वास आला, मी आलो.

जेवण अर्ध्यावर आलं तसा मोगालेनं पित्सोला टेबलाखालून पाय मारला. चुकून मलाही लागला.

पित्सोनं काटा ठेवला. "वहिनी, एक बोलायचंय. एखोनेनीचा जो नाच आहे ना, तो माझा नाही. हा गडी गाडीत मुद्दाम ब्रेक मारायचा. माझ्या गाण्यावर खार खाऊन. लोक त्यानं झुकायला लागले आणि त्याचा नाच झाला. मी लांबून पाहिला आणि उचलला. वर चुकीचा उचलला. खांदा खरं म्हणजे शब्दानंतर यायला हवा. याचा येतो तसा. गाणं माझं, नाच मोगालेचा. खूप आधी सांगायला हवं होतं."

मोगालेनं मान खाली घातली होती, पण कान वर होते. तोझामा पित्सोकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, झालं, आज मोगाले जिंकला.

तिनं हातरुमाल काढला आणि डोळे टिपले.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "याला मोठं मन म्हणतात. एवढं नाव मिळवलेला माणूस, आणि मित्राला बरं वाटावं म्हणून स्वतःचा नाच त्याला देऊन टाकतोय. तेही इतकं रचून, खांद्याबिद्यासकट. भावजी, अजून कोंबडी घ्या. पाय घ्या, पाय."

"वहिनी, मी खरं सांगतोय."

"माहीत आहे, माहीत आहे. घ्या."

कोंबडीचा तो पाय तिनं आधी मोगालेच्या ताटाकडे नेला होता, हे मी पाहिलं. पित्सोनंही पाहिलं. तो खाली बघून खायला लागला, आणि काय करणार बिचारा, त्याला हसू आलं.

जेवणानंतर मोगाले आणि मी अंगणात उन्हाला बसलो. आतून तोझामाचं आणि पित्सोचं बोलणं ऐकू येत होतं. ती त्याला जुन्या कार्यक्रमांबद्दल विचारत होती, आणि तो, कुणी विचारतंय म्हणून, सांगत होता. मोगाले दात कोरत दाराकडे बघत होता.

"आता?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय त्याला," तो म्हणाला. "या वेळी खोटं बोलायला सांगणार आहे. म्हण म्हणावं, नाच सगळा माझाच, मोगालेचा काडीचा संबंध नाही. मग तरी तिला शंका येईल."